कोबेहून बापूला: एका बूटवाल्याची गोष्ट

कोबे, जपान

प्रिय बापू,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. मुलींचा कबड्डी संघ जिल्ह्यापर्यंत गेला हे वाचून फार आनंद झाला. बुटांचं वाचलं आणि तो आनंद जरा मावळला. मातीवरून मॅटवर आल्यापासून चढाई करून परत फिरताना पोरी घसरतात. बाजारातले बूट त्यांच्या पायाला ढगळ होतात, आणि जे बसतात त्यांचा तळवा बघता बघता गुळगुळीत होतो. म्हणून तू आणि तुझा मेहुणा मिळून स्वतःच बूट करून बघावेत असा तुझा विचार चाललाय. आणि मग शेवटी तू लिहितोस, "पण हे आपलं काम नव्हे, त्याला मोठी कंपनी लागते."

या एका वाक्यामुळे हे लांबलचक पत्र लिहायला बसलोय. मी ज्या गावात राहतो तिथे नेमकं हेच काम एका माणसाने सुरू केलं होतं. त्याला बुटातलं ओ की ठो कळत नव्हतं आणि हाताशी मोठी कंपनीही नव्हती. त्यातून पुढे जी कंपनी झाली तिचं नाव आज ॲसिक्स. मॅरेथॉनला पळणाऱ्या आपल्या ओळखीच्यांपैकी निम्म्यांच्या पायांत तिचे बूट असतील. त्या माणसाचं नाव किहाचिरो ओनित्सुका. पण जन्माने ते ओनित्सुका नव्हते, आणि माझ्या मते सगळी गोष्ट तिथूनच सुरू होते.

किहाचिरो साकागुची यांचा जन्म 29 मे 1918 चा. गाव तोत्तोरी प्रांतातलं, म्हणजे जपानच्या त्या अंगाला, जिथे थंडीत बर्फ पडतो आणि समुद्रकाठी वाळूच्या टेकड्या आहेत. घर शेतकऱ्याचं आणि हे घरातलं शेंडेफळ. त्या काळच्या बहुतेक पोरांसारखं त्यांनाही सैन्यात अधिकारी व्हायचं होतं. पुढे ते झालेही. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण त्यांच्याबद्दल सांगताना लोक एकदम बुटांवर उडी मारतात आणि हा भाग गाळतात. तरुणपणीची सगळी वर्षं त्यांनी सैन्याला दिली होती आणि त्या सैन्यावर त्यांची श्रद्धा होती. 1945 साली ते सगळं कोसळलं तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे होते. त्यांच्याबरोबरचे कितीतरी जण परत आले नव्हते आणि हे जिवंत होते.

सैन्यात त्यांचा उएदा नावाचा एक मित्र होता, तोही अधिकारी. कोबे शहरात ओनित्सुका नावाचं एक वयस्कर जोडपं राहत होतं. त्यांना मूलबाळ नव्हतं आणि उएदाने त्यांच्याकडे दत्तक जायचं ठरलं होतं. तेवढ्यात त्याला ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जायचा हुकूम आला. जाताना त्याने साकागुचींना सांगितलं, मी परत येईपर्यंत या दोघांकडे लक्ष ठेव. बापू, त्याच ब्रह्मदेशात तेव्हा आपल्या मराठा पलटणी समोरच्या बाजूने लढत होत्या. उएदा तिथून परत आला नाही.

आता विचार कर. मित्र गेला, युद्ध हरलं, सैन्य बरखास्त झालं. साकागुचींना गावी शेती होती, आईवडील होते. एका मेलेल्या मित्राला दिलेला शब्द मोडला असता तर कुणी विचारायलाही आलं नसतं. पण ते कोबेला आले. त्या म्हाताऱ्या जोडप्याची जबाबदारी घेतली आणि मित्राच्या जागी स्वतः त्यांच्याकडे दत्तक गेले. असे ते साकागुचींचे ओनित्सुका झाले. आपल्याकडे दत्तक म्हटलं की वाडा, जमीन, वारसा डोळ्यांपुढे येतो. इथे बाँबहल्ल्यात होरपळलेलं गाव होतं आणि दोन म्हातारी माणसं होती. पुढे ज्या बुटांवर ओनित्सुका हे नाव छापलं गेलं ते आडनाव असं आलंय. मला तरी याच्यासमोर पुढचा सगळा व्यवसाय लहान वाटतो.

त्या वेळचं कोबे कसं असेल याचा मी इथे फिरताना नेहमी विचार करतो. 1945 च्या मार्च आणि जून महिन्यांत या शहरावर आगीचे बाँब पडले. सान्नोमिया स्टेशनाच्या परिसरात, जिथे मी रोज गाडी बदलतो, युद्धानंतर काळा बाजार भरायचा. खायला नाही, काम नाही, अनाथ पोरं रस्त्यावर. ओनित्सुकांना एका व्यापारी कंपनीत नोकरी मिळाली, पण तिथले व्यवहार काळ्या बाजाराचे निघाले. तीनेक वर्षं काढल्यावर ती नोकरी त्यांनी सोडली. रस्त्यावर भरकटलेली, चोऱ्यामाऱ्या करणारी पोरं बघून त्यांना वाटायचं की आता या पिढीसाठी काही करावं. नेमकं काय, ते सुचत नव्हतं.

ते सुचवलं ह्योगो, म्हणजे कोबे ज्यात आहे त्या प्रांताच्या शिक्षण खात्यात शारीरिक शिक्षणाचं काम बघणाऱ्या एका मित्राने. म्हणजे बघ, तुझ्याच जातकुळीचा माणूस. त्याने सांगितलं, पोरं घडवायची असतील तर त्यांना खेळायला लावा. आणि खेळायचं तर पायांत बूट हवेत, चांगले बूट कुठेच मिळत नाहीत, तेच तुम्ही करा. जुव्हेनाल या रोमन कवीची ओळही त्याने ऐकवली: देवाकडे मागायचंच तर निरोगी शरीरात निरोगी मन मागावं. ती ओळ ओनित्सुकांच्या मनात इतकी रुजली की पुढे 1977 साली तीन कंपन्या एकत्र आल्या तेव्हा ॲसिक्स हे नवं नाव त्याच लॅटिन ओळीचा पहिला शब्द बदलून, तिच्या आद्याक्षरांतून घेतलं गेलं.

सप्टेंबर 1949 मध्ये कोबेत कंपनी सुरू झाली. कोबे हे रबराचं गाव. इथल्या नागाता भागात रबरी पादत्राणांचे छोटे छोटे कारखाने गल्लोगल्ली होते. कापणारा एका घरात, शिवणारा दुसऱ्या, तळवा चिकटवणारा तिसऱ्या. तुझ्या मेहुण्याच्या गल्लीत आहे तसंच. 1995 च्या भूकंपात हा भाग आगीत फार जळाला, तरी तिथे अजून बूट होतात. म्हणजे कच्चा माल आणि कारागीर हाताशी होते. ओनित्सुकांना हवं होतं ते नेमकं काय बनवायचं याचं ज्ञान.

त्यांनी सुरुवात केली बास्केटबॉलच्या बुटापासून, आणि इथे मला तुझं लक्ष हवंय. सोपं काहीतरी करून हात बसवायचा आणि मग अवघडाकडे जायचं, असं आपण सगळेच करतो. त्यांनी उलटं केलं. बास्केटबॉलचा बूट हा सगळ्यांत कठीण. धावता धावता खेळाडू जागच्या जागी थांबतो, एका पायावर गिरकी घेतो, उडी मारतो, लगेच उलट दिशेला सुटतो, आणि खाली गुळगुळीत लाकडी जमीन. सगळ्यांत उंच अडथळा आधी ओलांडला की पुढचे आपोआप सोपे होतील, असा त्यांचा हिशेब. कोबे हायस्कूलच्या संघाचे प्रशिक्षक मात्सुमोतो यांच्याकडे ते पहिला नमुना घेऊन गेले. मात्सुमोतोंनी तो बघितला आणि सांगितलं, हा बूट नव्हे, ही गवताची चप्पल झाली. जपानी शेतकरी भाताच्या पेंढ्याची वळलेली चप्पल घालायचे, त्यावरून हा टोला. बास्केटबॉलचा बूट करायचा असेल तर मैदानावर या आणि खेळाडूंना विचारा.

ओनित्सुका गेले. मैदानाच्या कडेला बसून राहिले. चेंडू बाहेर गेला की उचलून द्यायचे. सराव संपला की पोरांना विचारायचे, कुठे टोचतं, कुठे सुटतं, कुठे घसरतं. सैन्यातला अधिकारी, तिशी ओलांडलेला, शाळकरी पोरांच्या बुटांकडे वाकून बघतोय. परत जाऊन नवा नमुना करायचा, तो परत पोरांच्या पायांत घालायचा, परत नावं ठेवून घ्यायची. त्यातून 1950 साली बास्केटबॉलचा बूट बाजारात आला, पण थांबताना होणारी घसर पूर्ण गेली नव्हती.

आता ती ऑक्टोपसची गोष्ट. इंटरनेटवर ओनित्सुकांचं नाव टाकलंस तर पहिल्यांदा हीच येईल. 1951 च्या उन्हाळ्यात घरी जेवायला काकडी आणि ऑक्टोपसची व्हिनेगरमधली कोशिंबीर होती. वाडग्यातला ऑक्टोपसचा एक तुकडा चिकटून बसला, निघेना. ते बघून त्यांच्या मनात आलं, बुटाच्या तळव्याला असेच खळगे केले तर?

इथून जवळच आकाशी नावाचं गाव आहे, ऑक्टोपससाठी सगळ्या जपानात प्रसिद्ध. तिथल्या मासळीबाजारात मी हे जवळून बघितलंय. ऑक्टोपसच्या हातावर खालच्या बाजूने वाटीसारखे शोषक असतात, दोन रांगांत, मुळाशी मोठे आणि टोकाकडे लहान होत गेलेले. कडा मऊ. विकणारीने एक हात परातीच्या पत्र्यावर टेकवला आणि मला उचलायला सांगितलं. ओढला की एकेक वाटी पट् पट् आवाज करत सुटते, सगळ्या एकदम नाही. वाटी दाबली की आतली हवा किंवा पाणी बाहेर जातं, कडा घट्ट बसते आणि बाहेरचा दाब तिला धरून ठेवतो. तळव्याच्या रबरातही हेच होतं. पाय जोरात टेकला की खळगा चपटा होतो, जमिनीला धरतो, आणि पाय उचलला की सुटतो.

पण पहिल्या नमुन्यात खळगे फार खोल झाले. बूट जमिनीला इतका धरायला लागला की पोरं थांबायच्या ऐवजी अडखळून पुढे पडायला लागली. मग खळगे उथळ करत आणले, पुन्हा पोरांच्या पायांत घालून, पुन्हा कडेला बसून. शेवटी जमलं.

लोक ही गोष्ट दैवी चमत्कारासारखी सांगतात: माणूस जेवायला बसला आणि त्याला साक्षात्कार झाला. मला ते पटत नाही. त्या उन्हाळ्यात जपानभर लाखो लोकांनी तीच कोशिंबीर खाल्ली असेल. ज्या माणसाच्या डोक्यात कित्येक महिने घसरणाऱ्या पोरांचे पाय होते, त्यालाच त्या वाडग्यात तळवा दिसला. आणि दिसल्यावरही पहिला बूट चुकलाच. दुरुस्ती मैदानावरच झाली. म्हणून तुला सांगतो, तुझ्याकडे त्या गोष्टीतली सगळ्यांत महत्त्वाची वस्तू आधीच आहे. तू रोज संध्याकाळी मॅटच्या कडेला उभा असतोस. मोठ्या कंपनीचा कुठला माणूस तिथे येऊन उभा राहणार आहे?

बुटांना त्यांनी टायगर हे नाव दिलं, आशियातला सगळ्यांत बलवान प्राणी म्हणून. ते नाव आधीच कुणीतरी नोंदवलेलं होतं, तेव्हा पुढे आडनाव जोडून ओनित्सुका टायगर केलं. माल विकायला ते स्वतः पाठीवर पिशवी घेऊन गावोगाव फिरायचे आणि मुक्कामाचे पैसे वाचवायला स्टेशनच्या बाकावर झोपायचे. एकेका खेळात खोल शिरायचं, चहूकडे पसरायचं नाही, असा त्यांचा नेम होता. आरीचं टोक एकाच जागी फिरवत राहिलं की जाड कातडंही आरपार जातं, या अर्थाचं काहीतरी ते व्यवसायाच्या पद्धतीबद्दल सांगायचे. तुझ्या मेहुण्याला हे वाचून दाखव, त्याला माझ्यापेक्षा जास्त कळेल.

बास्केटबॉलनंतर ते मॅरेथॉनकडे वळले, आणि हा भाग मला सगळ्यांत जास्त आवडतो. तोवर जपानी धावपटू पारंपरिक मोज्यासारख्या, अंगठा वेगळा असलेल्या कापडी बुटांत पळायचे, खाली रबर लावून. 1951 ची बोस्टन मॅरेथॉन हिरोशिमाकडच्या शिगेकी तानाका या तरुणाने अशाच बुटांत जिंकली होती. ओनित्सुकांनीही 1953 मध्ये तसेच मॅरेथॉनचे बूट काढले. पण धावपटूंची एक तक्रार कायम होती: पायाला फोड. बेचाळीस किलोमीटर पळायचं म्हणजे फोड येणारच, असं सगळे धरूनच चालले होते. ओनित्सुका एका वैद्यकीय प्राध्यापकाकडे गेले. फोड हा एक प्रकारे भाजल्याचाच परिणाम, हे त्यांना तिथे कळलं. पाऊल हजारो वेळा आपटतं, घासतं, बुटाच्या आत उष्णता साठते, आणि त्वचा स्वतःला वाचवायला तिथे पाणी आणते. मग प्रश्न सरळ झाला. पाय थंड ठेवायचा.

पाण्याने थंड करावा तर बूट जड होतो आणि ओली त्वचा मऊ पडून आणखी सोलते. मग हवेने. मोटारसायकलचं इंजिन वाऱ्याने थंड होतं, तसं. त्यांनी बुटाच्या पुढच्या भागाला जाळीदार कापड लावलं, बाजूला भोकं ठेवली, आणि आतली रचना अशी केली की पाऊल टेकलं की गरम हवा बाहेर फेकली जाईल आणि उचललं की गार हवा आत येईल. म्हणजे पळणाऱ्याचा पायच भाता झाला. त्या बुटाचं नाव मॅजिक रनर, साल 1960 च्या आसपासचं. नाव जादूचं ठेवलं, पण आत बघ, सगळा हिशेबच आहे.

आणि अबेबे बिकिला. 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये अनवाणी पळून मॅरेथॉन जिंकलेला इथिओपियाचा सैनिक. तो 1961 मध्ये ओसाकाच्या मॅरेथॉनला आला तेव्हा ओनित्सुका त्याला भेटायला हॉटेलवर गेले. मला बूट लागत नाहीत, असं बिकिलाचं म्हणणं. ओनित्सुकांनी त्याला समजावलं की इथल्या रस्त्यावर खडे आहेत, काचा आहेत, पाय कापला तर इथेच संपेल. ज्याने जगाला दाखवून दिलंय की बुटाशिवाय जिंकता येतं, त्याच माणसाला बूट घाल म्हणून पटवायचं, म्हणजे केवढी हिंमत. बिकिलाने बूट घातले, शर्यत जिंकली. पुढे 1964 ला टोकियोत तो पुन्हा जिंकला तेव्हा त्याच्या पायांत दुसऱ्या कंपनीचे, प्यूमाचे बूट होते. ओनित्सुकांना ते लागलं असणार, आपल्याच देशातलं ऑलिंपिक होतं ते.

1962 मध्ये फिल नाइट नावाचा अमेरिकन तरुण कोबेला आला आणि हे बूट अमेरिकेत विकायची परवानगी घेऊन गेला. त्याने आणि त्याचे प्रशिक्षक बिल बॉवरमन यांनी 1964 मध्ये प्रत्येकी पाचशे डॉलर घालून जो धंदा काढला, तोच पुढे नाइकी झाला. ओनित्सुका आणि नाइट यांच्या व्यवहाराचा शेवट भांडणात आणि कोर्टात झाला. त्यावर अमेरिकेच्या बाजूने भरपूर लिहिलं गेलंय, मी त्यात शिरत नाही. मला एवढंच वाटतं की त्या गोष्टीत ओनित्सुका फक्त एक जपानी पुरवठादार म्हणून येतात, आणि हा त्यांच्यावर अन्याय आहे.

ॲसिक्सचं मुख्यालय इथे पोर्ट आयलंडवर आहे. डोंगर फोडून ती माती समुद्रात टाकून तयार केलेलं बेट आहे ते. तिथेच कंपनीचं संग्रहालय आहे, सान्नोमियाहून बिनड्रायव्हरच्या छोट्या गाडीने जायचं. जुने बूट बघताना मला नवल वाटलं ते त्यांच्या साधेपणाचं. कॅनव्हास, रबर, शिवण, नाडी. यातलं असं काहीही नाही जे तुझ्या तालुक्याच्या गावी मिळणार नाही. ओनित्सुका 2007 च्या सप्टेंबरमध्ये गेले, एकोणनव्वद वर्षांचे होऊन. कंपनीच्या शेअरपैकी मोठा हिस्सा त्यांनी बऱ्याच आधी, कंपनी तरुण असतानाच, कामगारांना वाटून टाकला होता.

तर आता कामाचं. तू आधी सगळ्यांसाठी चालेल असा बूट काढायला बघू नकोस. चढाईला जाणारी पोर घे, तीही सगळ्यांत जास्त घसरणारी. ती नेमकी कोणत्या क्षणी घसरते, बोनसला पाय टाकताना की वळताना, आणि तळव्याचा कोणता भाग आधी झिजतो, हे पंधरवडाभर वहीत लिहून काढ. झिजलेले जुने बूट टाकू नका, मेहुण्याला सांग तळवा मधून कापून बघायला. मॅटचा एक तुकडा मिळाला तर मला पाठव. नागातामध्ये रबराच्या शीटा विकणारे आहेत, मऊ आणि कडक अशा वेगवेगळ्या. मी तो तुकडा घेऊन जातो, त्यावर घासून बघतो आणि बऱ्या वाटतील त्यांचे नमुने तुला धाडतो. मुलींच्या पावलांची आखणी कागदावर काढून पाठवलीस तर फर्म्याचंही, म्हणजे ज्यावर बूट बेततात त्या पावलाच्या साच्याचंही, इथे विचारता येईल. आखणी काढताना पोरीला उभं करून काढ, बसवून नको. वजन पडलं की पाऊल पसरतं. आणि संध्याकाळी, सराव झाल्यावर काढ. तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो, आणि बूट बसायला हवा तो त्या पायाला.

पैशाचं तू पत्रात काही लिहिलं नाहीस, म्हणजे अडचण असणार. पहिल्या पाचसहा जोडांचं मी बघतो. नाही म्हणू नकोस.

काकूंना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद. मेहुण्याला माझा रामराम सांग. आखण्यांची वाट बघतोय, पुढच्या डाकेने पाठव.

तुझाच,
दोस्त